उत्तर लपवा, पण पिच्चर बदलू नका

राजेहो, आता कमालच झाली. आधी नुसता पिच्चर यायचा. मग पिच्चरच्या आधी ट्रेलर यायला लागला, ट्रेलरच्या आधी टीझर. आता टीझर कोणत्या दिवशी किती वाजता येणार हे सांगणारं पोस्टर येतं आणि त्याच्याखालीही लोक आगीचे इमोजी टाकतात. आपल्या पुढाऱ्यांनी ही कला बरोब्बर उचलली आहे. 'उद्या सकाळी 11 वाजता मोठी घोषणा' म्हणून बॅनर लागतं आणि 11 वाजता कळतं की भाऊंनी कार्यालय दुसऱ्या गल्लीत नेलं. असो, तो विषय वेगळा.

टीझरवर माझा राग नाही. उलट चांगला टीझर पाहायला मला लय आवडतो. मिनिटभराचं काम असतं. आधी शांतता, मग एक चेहरा, अर्धवट तोडलेलं वाक्य, कुठंतरी दार वाजतं, पडदा काळा होतो, नाव येतं, तारीख येते. बस्स. अर्धी राहिलेली गोष्ट डोक्यातून जात नाही, एवढ्याच भांडवलावर हा धंदा चालतो. आपल्याकडचा कीर्तनकारही आख्यान ऐन रंगात आलं की थांबतो आणि गजर धरतो. लोक टाळ्या वाजवतात, पण जीव अडकलेला असतो पुढं काय झालं यात.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आणला तेव्हा टीझर-बीझर काही नव्हतं. त्यांनी जाहिरात केली ती 57 हजार छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची, आणि तीही फक्त तीन आण्यांत. हरिश्चंद्राची गोष्ट तर गावातल्या पोराटोरांनाही पाठ होती. मग लोक गेले काहून? दोन मैल लांब चित्र असतं तरी कसं, हे पाहायला. हिचकॉकने 1960 साली 'सायको'च्या ट्रेलरमध्ये याहून भारी खेळ केला. सहा-साडेसहा मिनिटं तो स्वतःच त्या मोटेलच्या सेटवर फिरतो, इथं अमुक झालं, तिथं तमुक, असं म्हणतो आणि नेमक्या जागी वाक्य सोडून देतो. पिच्चरमधलं जवळपास काहीच दाखवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. 2016 च्या एप्रिलमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन पिच्चर लागले. 15 एप्रिलला शाहरुखचा 'फॅन', 29 एप्रिलला नागराज मंजुळेंचा 'सैराट'. दोघांनीही आधी प्रेक्षकांपासून काहीतरी लपवलं होतं.

'फॅन'च्या प्रोमोत 'जबरा फॅन' हे गाणं धुमधडाक्यात वाजत होतं. पोट्टे लग्नाच्या वरातीत त्यावर नाचत होते. प्रत्यक्ष पिच्चरमध्ये ते गाणंच नव्हतं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका शिक्षिका घरच्यांना घेऊन पिच्चरला गेल्या होत्या. गाणं नाही म्हणून पोरं नाराज झाली. बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने फेटाळली, पण राज्य आयोगाने 10 हजार रुपये भरपाई आणि 5 हजार खर्च द्यायला सांगितलं. राष्ट्रीय आयोगानेही ते कायम ठेवलं. निर्माते सुप्रीम कोर्टात गेले आणि 22 एप्रिल 2024 ला कोर्टाने निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की ट्रेलर हा तिकीट घ्यायला उत्सुक करण्यासाठी असतो. तो करार नाही, वचनही नाही. ट्रेलरमधलं सगळं पिच्चरमध्ये असेलच असं कुणी कबूल केलेलं नसतं. म्हणून सेवेत त्रुटी नाही आणि अनुचित व्यापारी प्रथाही नाही.

तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. गाण्यासाठी कोर्टात जातं का कुणी? मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. कायद्याच्या नजरेतून कोर्टाचं बरोबर असेल. प्रत्येक कापलेल्या दृश्यावर दावा लागायला लागला तर एडिटिंगच्या टेबलावर वकील बसवावा लागेल. पण प्रेक्षकाने तिकीट कशाच्या भरवशावर काढलं, हा बाईंचा प्रश्न त्या निकालाने संपला नाही.

'सैराट'चं पाहा. 'झिंगाट' प्रोमोत होतं आणि पिच्चरमध्येही होतं, अगदी टाकीजमधल्या खुर्च्या सोडून लोक पडद्यापुढं नाचण्याइतकं होतं. आर्ची-परश्याचं प्रेम, विहीर, बुलेट, जे दाखवलं ते सगळं मिळालं. लपवली ती फक्त शेवटची काही मिनिटं. नाचत गेलेले लोक गप्प बसून बाहेर आले, आणि त्यांनीही शेवट पुढच्या शोवाल्यांना सांगितला नाही. विचारलं तर म्हणायचे, "तू जाऊन पाह्य." माझ्या लेखी हा अस्सल सस्पेन्स. इथं उत्तर लपवलं होतं. 'फॅन'ने दुकानात एक माल दाखवला आणि पिशवीत दुसरा भरला.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा फरक बारीक वाटेल. त्याला एक पिच्चर फसला तर रात्री दुसरा शो आहे. आपल्या जिल्ह्यात तसं नाही. ठिकठिकाणची जुनी टाकीजं बंद पडली. तालुक्याच्या गावातून यवतमाळला किंवा थेट नागपूर-अमरावतीला जायचं म्हटलं की गाडीचं पेट्रोल, चौघांचं तिकीट, इंटरव्हलला लेकरांचा हट्ट. कापूस वेचणाऱ्या बाईची कितीतरी दिवसांची मजुरी त्यात जाते. अशा घरात पिच्चर वर्षातून एखादा. तो निवडायला हातात काय, तर मोबाइलवरचा दोन मिनिटांचा ट्रेलर. तोच खोटा निघाला तर ते घर पुढचं वर्षभर टाकीजकडे फिरकत नाही. मग मराठी पिच्चरला लोक येत नाहीत म्हणून रडायचं.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच जिल्ह्याची आहे. 2021 च्या मे महिन्याच्या शेवटी विद्या बालनच्या 'शेरनी'चा टीझर आला. पिच्चरमध्ये वाघिणीचं नाव टी-12, शूटिंग मध्य प्रदेशातलं, अवनीचा उल्लेख कुठं नाही. पण नरभक्षक ठरवलेली वाघीण, तिचे दोन बछडे, बाहेरून बोलावलेला शिकारी, एवढं कळल्यावर राळेगाव-पांढरकवड्याच्या माणसाला दुसरं काय आठवणार? तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका अवनीवर होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. तिकडं शहरांत मेणबत्त्या, इकडं गावांत फटाके. त्या दोन वर्षांत संध्याकाळी शेतातून घरी येणारं माणूस रस्त्याला लागलं की नाही, याची वाट दारात बसून पाहिली जात होती. त्याला आपण सस्पेन्स म्हणत नव्हतो.

म्हणजे शेवट आपल्याला आधीच ठाऊक होता. तरी आमच्या ग्रुपवर तो टीझर दिवसभर फिरला. नाव 'शेरनी', समोर वनाधिकारी झालेली बाई. मग शेरनी कोण, वाघीण की बाई? आणि आपली बाजू दाखवतील की नुसती वाघिणीची? या दोन प्रश्नांवर आम्ही 18 जूनपर्यंत थांबलो. पिच्चर संथ निघाला, काही पोट्ट्यांना "शिकार कुठाय बे?" असं झालं. पण खात्यातली ओढाताण, पुढाऱ्यांनी वाघिणीवर केलेलं राजकारण, गावकऱ्यांची भीती, हे त्यात होतं. फसवलं असं मला वाटलं नाही.

आता जे खरं बोलायचं होतं ते. हल्ली आपल्या भागातले पोट्टे शॉर्ट फिल्म, वेबसिरीज करू लागले. चांगलं आहे, वऱ्हाडी बोली पडद्यावर येते. पण टीझर पाहावा तर दर दुसऱ्यात तेच. भेगाळलेली जमीन, कडुलिंबाची फांदी, लोंबता दोर, पाठीमागं धडाम आवाज, काळा पडदा, 'लवकरच'. अरे बाप्पा, यवतमाळ जिल्ह्यात बसून दोराचा सस्पेन्स करता? ज्या घरातला माणूस खरंच गेला, त्या घरातली बाईही मोबाइल पाहते. तिच्यापुढं तो दोर व्ह्यूजसाठी लटकवायचा?

सतीश मनवर यांचा 2009 चा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा एकदा. विदर्भातलंच गाव, शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली. सोनाली कुलकर्णीची अलका घाबरते की आपला नवराही तसंच करेल. म्हणून ती लहान पोराला बापाच्या मागं पाळतीवर लावते. गिरीश कुलकर्णीचा किसना शेतात निघाला की पोरगं मागं. त्याला काही कळत नाही, आपल्याला हसू येतं आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. दोर पुढ्यात न आणता दीड तास जीव टांगणीला लावता येतो, हे तिथं दिसतं.

त्या पोराच्या चालण्याचे तीस सेकंद कापले असते तरी टीझर झाला असता. पोट्टेहो, तुमच्या पुढच्या टीझरमध्ये दोराचा शॉट असेल तर तो काढून पाहा आणि उरलेलं मला पाठवा. त्यात पाहण्यासारखं काही उरलं असेल तर याच पानावर शेअर करतो, आणि टाकीज मिळालं तर तिकीट काढून पहिल्या शोला येतो.