बाग काढावी, पण खायचं काय?

हिवाळ्यात दिल्लीच्या आझादपूर मंडीत नागपुरी संत्र्याची गाठ पंजाबच्या किन्नोशी पडते. तिथे फळाचा आकार आणि सालीची चकाकी बोलते. वरूड-मोर्शीतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या, डिंक्या या बुरशीजन्य रोगाने पोखरलेल्या बागांना ती स्पर्धा झेपत नाही. बाग काढायला हवी हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. अडतं ते पुढच्या पाच-सहा वर्षांवर. नव्या कलमांवर धड बहार येईपर्यंत घर चालवायचं कशावर?

राज्याच्या 2018च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं, तेही झाडं जगवण्याच्या अटीवर. लागवडीचा भार त्याने हलका होतो. पण चौथ्या वर्षी अनुदान संपलेलं असतं आणि बहार आलेला नसतो. कर्ज काढलं, तर व्याज बहाराची वाट बघत थांबत नाही.

आंतरपीक घ्या, असा सल्ला मिळतो. सोयाबीन, हरभरा घेतात लोक, आणि पहिली काही वर्षं तो आधार खरा असतो. मात्र चार पैसे जास्त देणारा भाजीपाला पाणीही जास्त मागतो, आणि बुंध्याशी साचणाऱ्या पाण्यातच डिंक्या फोफावतो.

मग एक तृतीयांश बाग आधी काढावी का? उरलेल्या झाडांवरचा बहार व्यापाऱ्याला उभा विकून निदान किराणा सुटतो. यावरचा आक्षेपही वजनदार आहे: जुन्या झाडांखालची बुरशी मोकाट पाण्याबरोबर नव्या कलमांपर्यंत पोचते. म्हणून टप्प्याटप्प्याने काढायची असेल तर ठिबक आणि पाण्याचा निचरा हवाच. सगळीच बाग आजारी असेल तर मात्र ती एकदम काढलेली बरी. मरतुकड्या झाडांचा किराणा फार दिवस पुरत नाही.

तरी माझा कल टप्प्यांकडेच आहे. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यावर संत्र्याचा बाजार कसा बसला ते विदर्भाने पाहिलंय. सहा वर्षांनंतरच्या भावावर अख्खी बाग लावणं हा जुगार झाला.

टप्प्यांनी काढली तरी मधल्या वर्षांची तूट उरतेच. फुंडकर योजनेचं तेच अनुदान पाच वर्षांत पसरवून भागणार नाही, कारण खड्डे, कलमं, खत हा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येतो. चौथ्या-पाचव्या वर्षासाठी नवी रक्कम लागेल. तिजोरी ती सगळ्यांना देऊ शकणार नाही, हे मान्य. मग निदान दोन-तीन एकरवाल्यांना द्यावी, आणि तीही जगलेली झाडं मोजूनच.