घाम आमचा, नाव कोणाचे?



कृषी मेळावा असो, शाळेचे बक्षीस वाटप असो की सूतगिरणीच्या चेअरमनचा सत्कार, पाहुणा बोलायला उभा राहिला की एक वाक्य ठरलेले. एडिसन म्हणे सांगून गेला, शोध म्हणजे एक टक्का प्रतिभा आणि नव्व्याण्णव टक्के घाम. टाळ्या पडतात. पाहुणा पुन्हा पंख्याखाली जाऊन बसतो. आणि ज्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग पडलेले असतात, ते आम्हीही टाळ्या वाजवतो.

टाळी वाजवण्याआधी आम्ही हिशेब मांडायला हवा होता. शोधात नव्व्याण्णव टक्के घाम असेल, तर शोधाच्या शंभर रुपयांतले नव्व्याण्णव घाम गाळणाऱ्याला का मिळत नाहीत? एका टक्क्याचे पेटंट होते आणि नव्व्याण्णव टक्क्यांची रोजंदारी. तीही संध्याकाळी घासाघीस करून!

एडिसनचीच गोष्ट घ्या. अमेरिकेतल्या मेन्लो पार्क येथे ऑक्टोबर १८७९ मध्ये त्याचा जो दिवा तेरा तासांहून अधिक जळला, त्याच्या पोटात काय होते? कापसाचा शिवणदोरा, जाळून कोळसा केलेला! म्हणजे जगाला उजेड दाखवणारी ती तार कोणाच्या तरी शेतात पिकली होती. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी चौदा वर्षे झाली होती. त्या दोऱ्याचा कापूस कोणी वेचला, हे कोणी विचारले नाही. २७ जानेवारी १८८० च्या पेटंटवर नाव एकाचेच. दिव्याची कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. इंग्लंडात जोसेफ स्वान त्याच खटपटीत होता. खरे काम होते नाना वस्तू एकेक जाळून पाहण्याचे. त्यात चार्ल्स बॅचलरसारखे सोबती आणि काच फुंकणारे कारागीर रात्ररात्र खपले. एक गोष्ट मात्र एडिसनच्या पदरात टाकली पाहिजे. बॅचलरला त्याने नफ्यात वाटा दिला होता. त्याचे वाक्य सांगणारे पाहुणे हा वाटा कधी सांगत नाहीत.

इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या पऱ्हाटीचेच पाहू. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा वाण दिला. व्यापारी लागवडीत आलेला जगातला हा पहिला संकरित कापूस. त्यांच्या कर्तृत्वाला आमचा नमस्कार. पण दोन वाणांचा संकर जोमदार येतो, हे मक्याने जगाला आधीच दाखवले होते. घोडे अडले होते बियाण्यापाशी. कापसाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही. मग संकराचे बी क्विंटलांनी तयार करायचे कसे? उत्तर सापडले ते हातांत. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, मधल्या मादीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून तिच्यावर फिरवायचे. एक कळी झाली की दुसरी, असे अख्खे शेत. हे काम मुख्यतः बाया करत आल्या, आणि शाळेत असायला हवी होती ती लेकरेही यात राबली. अमेरिकेला हे का जमले नाही? अक्कल कमी पडली म्हणून नव्हे, तिथली मजुरी परवडत नाही म्हणून. म्हणजे हा शोध उभा आहे तो स्वस्त हातांच्या टेकूवर. आज आपण बीटी संकराची जी थैली घेतो, तिच्यातले बीही बहुतेक अशाच हातांनी झालेले असते. थैलीवर कंपनीचे नाव ठळक असते. त्या हातांचे नाव कोठे आहे?

आता अंगावरच्या कपड्याकडे पाहू. वेचणीला निघालेली आमची बाई साडीवर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते. ऊन लागू नये, बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. सदरा कशाचा? पॉलिस्टरचा! ओटीत कापूस आणि अंगात पॉलिस्टर! कापसाचा धागा नेहमीच्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती सदरा घाम पितो आणि हा घाम अंगावरच ठेवतो. पाठ चिकचिकते, घामोळ्या उठतात. हा धागा १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी काढला. त्यांची नावे नोंदलेली आहेत, पेटंट नोंदलेले आहे. घाम पिणारा धागा मोहेंजोदडोच्या काळापासून या मातीत पिकतो आहे. त्याचा शोधक कोण? कोणीच नाही, कारण तो शेतकरी होता. टेरिकॉटच्या इस्त्रीला आम्हीही एकेकाळी भाळलो, हे कबूल. पण आज पॉलिस्टर अंगावर येते ते हौसेने नाही. आठवडी बाजारात सुती परवडत नाही म्हणून. कापूस पिकवणाऱ्यालाच सुती महाग, हा कोणत्या शास्त्राचा हिशेब?

पण आमचे खरे भांडण टक्केवारीशी नाही. डोके एकीकडे आणि घाम दुसरीकडे, या वाटणीशी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या, आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले. १९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेले, १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण जाहीर झाला. विद्यापीठाने केलेले शुद्धीकरणाचे काम आम्ही नाकारत नाही. पण दादाजींचे पुढे सत्कार झाले, पुरस्कार झाले. वाणाचे स्वामित्वधन काही मिळाले नाही. २०१८ साली ते गेले. सांगा, त्यांनी दीड एकरात गाळला तो घाम की ती प्रतिभा? हजार लोंब्यांत एक वेगळी दिसायला जन्मभर वाकून धान पाहावे लागते. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी आजही रब्बीत पेरली जाते. पण जिच्यातून ती निवडली ती मालदांडी शेतकऱ्यांनीच, पिढ्यान्‌पिढ्या चांगली कणसे बाजूला काढून राखली होती. घाम गाळणाऱ्याला डोके असते, हे कबूल केले की त्याचा वाटा द्यावा लागतो. म्हणून ते कबूल करायचे नाही!

हमीभावाचा हिशेबही असाच. ए२ अधिक एफएल या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतात. पण पेरा केव्हा करायचा, बी कोणते घ्यायचे, पावसाने दडी मारली तर काय मोडायचे आणि काय राखायचे, हे ठरवणाऱ्या डोक्याचा मेहनताना त्यात नाही. सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे नुसते हातपाय.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवू. एक, शेतात वेगळे कणीस, वेगळे बोंड दिसले तर तारीख, वार आणि साक्षीदारासह वहीत लिहून ठेवू. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपल्या वाणाची नोंदणी आपल्याला करता येते, आणि शेतकऱ्याला त्याचे शुल्क नाही. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. दोन, नोंद केल्याशिवाय मूठभर बीसुद्धा कोणाच्या हाती द्यायचे नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. तीन, उत्पादन खर्चात शेतकऱ्याच्या डोक्याचे दाम मागायचे; आणि बीजोत्पादनाच्या शेतात कळ्या सोलणाऱ्या बायांना पुरेशी मजुरी मागायची. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामात कसर करू नये.

आणि पुढच्या मेळाव्यात पाहुण्याने एडिसन काढला, तर टाळी वाजवू नका. उभे राहा आणि विचारा, "साहेब, आमचे नव्व्याण्णव टक्के कधी देता?"