आदेश तहसिलीत, न्याय नागपुरात

महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाला आव्हान देता येते, हे लोकशाहीचे लक्षण खरेच. पण ते परवडते कोणाला, असा माझा प्रश्न आहे.

1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 1975 पासून अमलात आला. त्यातील कलम 9-अ ने जिल्हाधिकारी, आयुक्त व महसूल न्यायाधिकरणापुढे वकिलांना मज्जाव केला. एकाकडे नामांकित वकील आणि दुसऱ्याकडे नुसते जोडलेले हात, अशी विषम लढत टाळायची होती. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये कायदाही उचलून धरला आणि हे कलमही.

मात्र पुढे उच्च न्यायालयाचे दार उघडते आणि वकील पुन्हा येतो. सिरोंच्याहून गडचिरोलीच 200 किलोमीटरच्या वर. नागपूर तर आणखी पुढे. एरवीच्या महसुली प्रकरणातही, जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालील अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत 60 दिवस. आदेश मराठीत, घरची बोली गोंडी किंवा माडिया. अर्थ उमगेपर्यंत मुदत सरते. उशीर माफ होऊ शकतो. पण ती माफी मागायलाही जाणते माणूस लागते.

1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. मग आदेशाखालीच त्या कार्यालयाचा पत्ता आणि अपिलाची शेवटची तारीख का छापू नये? ग्रामसभेत तो आदेश गोंडीतून समजावून का सांगू नये? यासाठी नवा कायदा नको, थोडी शाई आणि थोडी आस्था पुरे.