‘लपवायला काय आहे?’ असं विचारणाऱ्यांसाठी

मोबाईलमधल्या खासगी माहितीचा विषय काढला की राबोडी, मुंब्रा, कौसा ते थेट कल्याणच्या दूध नाक्यापर्यंत एकच उत्तर मिळतं: ‘आपण काही गैर करत नाही, मग लपवायला काय आहे?’ बोलणारी माणसं सरळमार्गी असतात, म्हणून तर हे उत्तर खोडून काढणं अवघड जातं. तरीही ते खोडलंच पाहिजे. माहिती निरुपद्रवी आहे की नाही हे ती देणारा ठरवत नाही. ती ज्याच्या हातात पडते तो ठरवतो.

दाखला आपल्याच भागातला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होतं. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी, अशा अर्थाचं काही तरी एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते फक्त लाइक केलं. जमावाने त्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि पोलिसांनी अटक केली ती या दोन मुलींना. एकीचा गुन्हा चार ओळी, दुसरीचा गुन्हा अंगठ्याचं एक चिन्ह. कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. देशभर ओरड झाली, वरिष्ठ पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे खटलाही बंद झाला. या मुलींकडेही लपवायला काही नव्हतं.

ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. पण पोलीस ठाण्यांत ते मेलं नाही. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होतच राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की ६६ अ खाली कुणावरही खटला चालवू नका. दिल्लीतला निकाल ठाण्याच्या चौकीपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागतो. मधल्या काळात ज्याचा मोबाईल जप्त होतो, त्याला निकालाची प्रत काय कामाची?

काही जण इथे कल्याणचंच उदाहरण देतात. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे निघून गेले, त्यांची डोकी इंटरनेटवरच फिरवली गेली, मग पाळत नको तर काय, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर, कायद्याने, लेखी आदेश काढून पाळत ठेवा. माझी हरकत नाही. चार मुलांच्या नावाखाली चार लाख माणसांच्या मोबाईलची कवाडं कायमची उघडी ठेवायला माझी हरकत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क संशयिताच्या शेजाऱ्यालाही आहे.

आणि पाळत फक्त सरकारच ठेवतं असं नाही. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलं. नोव्हेंबर २०२० मध्ये उघड झालं की त्याच्या वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी त्या कंपनीशी संबंध तोडले. तोवर जे गेलं ते गेलं. फजरसाठी उठणाऱ्या माणसाने कोणता गुन्हा केला होता?

आपल्याकडे नवा कायदा आहे, हेही मला ऐकवलं जातं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. कंपनीने माहिती नीट जपली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. चांगलंच आहे. पण दंड जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातली जुनी सोय, कलम ४३ अ, याच कायद्याने काढून टाकायचं ठरवलं. सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य नेमणारही केंद्र सरकारच. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलून अधिकाऱ्यांना ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार देण्याची वाट रुंद करून दिली. नागरिक काचेच्या घरात आणि सरकार पडद्याआड. याला संरक्षण म्हणायला जीभ वळत नाही.

आता घरच्यांशी बोलते. हे कटू आहे, पण बाहेरच्यांवर टीका करून आपण सुटत नाही.

आपल्या मोहल्ल्याच्या, जमातीच्या, शाळेच्या ग्रुपवर काय काय फिरतं ते एकदा शांतपणे बघा. शिष्यवृत्तीसाठी मुलांच्या आधार कार्डांचे फोटो. रेशन किट मिळालेल्या बेवांच्या याद्या, नाव, पत्ता, मोबाईल नंबरासकट. ऑपरेशनसाठी मदत मागताना रुग्णाचे रिपोर्ट. आणि ‘रिश्ते’च्या ग्रुपवर मुलींचे बायोडाटा: फोटो, जन्मतारीख, वडिलांचा नंबर, घराचा पत्ता. तीन-चारशे अनोळखी लोकांसमोर. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम बायकांचे फोटो ‘लिलावा’ला मांडले गेले, त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’. तेव्हा आपल्यातल्या बुजुर्गांनी तोडगा काढला: मुलींच्या हातून मोबाईल काढून घ्या. माझा सवाल असा, की रिश्त्याच्या ग्रुपवर फोटो टाकतं कोण? मुली की अब्बा आणि मामू? मुलीने स्वतःच्या मर्जीने लिहिलं तर बेपर्दगी, आणि तिला न विचारता तिचा फोटो गावभर फिरवला तर जिम्मेदारी, हा न्याय मला मान्य नाही.

दीनची भाषा समजत असेल तर त्याच भाषेत बोलू. सूरह नूर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला मनाई करते. सूरह हुजुरात दुसऱ्याची टेहळणी करायला मनाई करते. आणि आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली चीज ही अमानत, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. बेवा बाईने रेशनसाठी दिलेला नंबर ही अमानत आहे. ती ग्रुपवर टाकणं म्हणजे खयानत.

मग करायचं काय? मोबाईल समुद्रात फेका, असं मी सांगत नाही. मदतीची यादी दोन जबाबदार माणसांकडे वहीत किंवा एकाच कॉम्प्युटरवर पासवर्ड लावून ठेवा. ग्रुपवर फक्त ‘यादी तयार आहे, भेटा’ इतकंच लिहा. कुठे आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेलं, मास्क्ड आधार द्या, ते अधिकृत संकेतस्थळावर मिळतं. ॲपने लोकेशन मागितलं तर नाही म्हणा, नमाजच्या वेळा मशिदीच्या तक्त्यावर आहेतच. बायोडाटा मुलीला विचारून आणि फोटोशिवाय पाठवा, बोलणी पुढे गेली तर फोटो दाखवता येतो.

ज्या संस्थांकडे थोडे पैसे आणि कॉम्प्युटर शिकलेली दोन मुलं आहेत, त्यांनी याच्या पुढे जावं. नेक्स्टक्लाउडसारखं मोफत सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर चढवून आपल्या शाळेचे, जमातीचे कागद आपल्याच कपाटात ठेवता येतात, दुसऱ्याच्या देशातल्या कंपनीत ठेवायची गरज नाही. यात मेहनत आहे. वीज जाते, डिस्क बिघडते, दर आठवड्याला दुसरी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी लागते, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करावं लागतं. हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, निष्काळजीपणे चालवलेला स्वतःचा सर्व्हर मोठ्या कंपनीपेक्षा जास्त धोक्याचा. पण मुंब्रा, भिवंडी, कल्याणमध्ये इंजिनिअरिंग शिकलेली मुलं कमी नाहीत. मशिदीला पंखे आणि गालिचे देणारे दानशूर आहेत, त्यांनी एकदा एक कॉम्प्युटर आणि एका मुलाच्या मेहनतान्याचा खर्च उचलावा.

कायदा बदलायला वेळ लागेल, त्यासाठी बोलत राहू, लिहीत राहू. ग्रुपवरची ती यादी डिलीट करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. या जुम्म्याच्या आधी करा, आणि सदस्यांनाही आपापल्या मोबाईलमधून काढायला सांगा.