मॉरिशसची मराठी, देवरीची गोंडी

हिंदी महासागरातील मॉरिशस हे सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे आफ्रिकी राष्ट्र. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांवर जे करारबद्ध मजूर गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. १९६८ साली स्वतंत्र व १९९२ साली प्रजासत्ताक झालेल्या या देशात घराघरांतून क्रिओल बोलली जाते. तरीही सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. याचा आपणांस अभिमान वाटतो. मग देवरी तालुक्यातील गोंड समाजाच्या भाषेचे काय? आमगाव मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पण गोंडीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अद्याप स्थान नाही. परक्या भूमीत मराठीला लाभलेले औदार्य आपण आपल्याच शेजाऱ्यांना नाकारावे काय?