सेटवरचा संशय आणि संस्थेचे मौन

दूरचित्रवाणीच्या मालिकेत लग्नातला पाहुणा, बाजारातला गिऱ्हाईक किंवा न्यायालयातला बघ्या म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाला या धंद्यात ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. अलीकडे त्याला ‘ज्युनियर आर्टिस्ट’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. त्याची स्थिती मात्र त्या नावाने बदललेली नाही. पडद्यावर तो क्षणभर दिसतो, सेटवर मात्र दिवसभर असतो. काम थोडे आणि वाट पाहणे फार. वाट पाहणाऱ्या माणसाला पुष्कळ गोष्टी दिसतात. कोणाला मेकअपच्या खोलीत एकटे बोलावले जाते, कोण रडवेल्या चेहऱ्याने बाहेर येते, कोणाचे नाव निघताच गप्पा थांबतात, हे त्याच्या ध्यानात येते. त्याच्यापाशी पुरावा नसतो. असतो तो केवळ संशय. या संशयाचे काय करावयाचे, याचे उत्तर आपल्याकडील चित्रसृष्टीने अद्याप दिलेले नाही. ज्यांनी ते वेळीच दिले नाही, त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे.

जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा अत्यंत लोकप्रिय निवेदक होता. १९६४ साली सुरू झालेल्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या संगीताच्या कार्यक्रमाने त्याला घराघरांत नेले. रुग्णालयांसाठी निधी जमविणारा दानशूर म्हणूनही त्याचा गाजावाजा झाला आणि १९९० साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो सन्मानाने मरण पावला. त्यानंतर एका वर्षाच्या आत, ३ ऑक्टोबर २०१२ रोजी, आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीने त्याच्या लैंगिक अत्याचारांना वाचा फोडली. याच विषयावर बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने हाती घेतलेला शोध आदल्या वर्षीच थांबविण्यात आला होता. पुढे निवृत्त न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांनी बीबीसीसाठी सविस्तर चौकशी केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, बीबीसीतील कामाच्या निमित्ताने सॅव्हिलच्या अत्याचारास बळी पडलेल्यांची संख्या ७२ होती. पहिली घटना १९५९ मधील आणि शेवटची २००६ मधील. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक हे चालू होते, आणि तेही कॅमेरे, दिवे व शेकडो माणसे यांच्या गराड्यात!

‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गाण्यावर नाचण्यासाठी तरुण मुलामुलींचा प्रेक्षकवर्ग स्टुडिओत आणला जाई. एका अर्थाने ही सारी मुले त्या कार्यक्रमातील एक्स्ट्राच होती. १९६९ साली त्यांतील एका मुलीशी सॅव्हिलने चित्रीकरण चालू असतानाच लगट केली. तिने तेथल्या तेथे स्टुडिओतील कर्मचाऱ्याकडे तक्रार केली. तिला मिळालेले उत्तर असे की, त्यात विशेष काही नाही, सॅव्हिलची ती थट्टा आहे. तिने आग्रह धरला तेव्हा सुरक्षारक्षकाला बोलावून तिलाच इमारतीबाहेर काढण्यात आले. सुमारे दोन दशकांनंतर एका कनिष्ठ कर्मचारी स्त्रीने आपल्या वरिष्ठांकडे अशीच तक्रार केली, तेव्हा हा बडा माणूस असल्याने तोंड बंद ठेव, असे तिला सांगण्यात आले.

या अहवालातील सर्वांत विचार करावयास लावणारा निष्कर्ष वेगळाच आहे. खालच्या पातळीवर सॅव्हिलविषयी कुजबुज होती, काहींना प्रत्यक्ष माहिती होती. तरीही एक संस्था या नात्याने बीबीसीच्या वरिष्ठ व्यवस्थापनाला हे ठाऊक होते, असे म्हणता येण्याजोगा पुरावा न्यायमूर्तींना आढळला नाही. वरवर पाहता हा व्यवस्थापनाला मिळालेला दिलासा वाटेल. वस्तुतः तोच त्याच्यावरील सर्वांत कठोर ठपका आहे. जिन्याखाली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट वरच्या मजल्यावर कोणालाच ठाऊक नसावी, अशी ती वास्तू बांधली गेली होती. कलावंत म्हणजे संस्थेचे धन. त्याला दुखवावयाचे नाही, हा धाक इतका मुरलेला होता की, वाईट बातमी वर चढतच नसे.

मग कुजबुज ऐकताच ती जाहीर करून टाकावी काय? त्याचेही उत्तर त्याच संस्थेने, त्याच वर्षी दिले. सॅव्हिलप्रकरणी गप्प राहिल्याबद्दल टीकेचा भडिमार झाल्यावर, २ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘न्यूजनाइट’ने वेल्समधील एका बालगृहातील अत्याचारांसंबंधी कार्यक्रम प्रसारित केला. त्यात एका माजी राजकारणी पुढाऱ्याकडे नाव न घेता बोट दाखविण्यात आले, आणि ते नाव लोकांनी पाहता पाहता सर्वत्र पसरविले. ते गृहस्थ, लॉर्ड मॅकअल्पाइन, पूर्णपणे निर्दोष होते. ओळखण्यात आपली चूक झाल्याचे खुद्द तक्रारदारानेच मान्य केले. बीबीसीला त्यांची क्षमा मागून १ लाख ८५ हजार पौंड द्यावे लागले, आणि महासंचालक जॉर्ज एन्टविसल यांना अवघ्या ५४ दिवसांत पद सोडावे लागले. एकदा संशय दडपला म्हणून अनर्थ झाला. दुसऱ्यांदा तो पडताळला नाही म्हणून. दोन्ही वेळा उणीव एकच होती. संशय म्हणजे पुरावा नव्हे, पण तो कचराही नव्हे. तो नोंदवून, तपासून, त्याचा निकाल लावणारे विश्वसनीय ठिकाण असावे लागते. ते नसले की एकीकडे मौन आणि दुसरीकडे आरडाओरड, एवढेच दोन मार्ग उरतात.

आता आपल्याकडे वळावे. केरळात २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती के. हेमा समितीने मल्याळी चित्रसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ रोजी सरकारला सादर केला. तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ रोजी, तोही अनेक मजकूर गाळून. साडेचार वर्षे तो कपाटात होता! चित्रीकरणाच्या ठिकाणी स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याच्या खोल्या नसण्यापासून ते ज्युनियर आर्टिस्टांच्या पिळवणुकीपर्यंत अनेक गोष्टी त्यात नमूद आहेत. अहवालानंतर विशेष तपास पथक नेमले गेले. पण पीडित स्त्रिया पोलिसांपुढे जबाब देण्यास पुढे न आल्याने २०२५ साली त्यावरील प्रकरणांचा तपास आवरता घेण्यात आला. समितीपुढे विश्वासाने बोललेल्या स्त्रिया पोलिसांपुढे का बोलल्या नाहीत? त्यांना सत्याविषयी शंका नव्हती. उद्याच्या कामाविषयी होती.

मुंबईतील मालिकांच्या कारखान्यात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. एक्स्ट्राला काम मिळते ते पुरवठादाराकडून किंवा ‘कोऑर्डिनेटर’कडून. त्याच्यामागे निर्माता असतो आणि निर्मात्यामागे वाहिनी. आपला मालक नेमका कोण, हे त्या माणसाला सांगता येत नाही. त्याची नोकरी एका दिवसाची. तक्रार केली तर त्याला काढून टाकण्याचीही गरज नसते. उद्या बोलावले नाही, की झाले. अशा माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणे सोपे आहे. पण जे धैर्य कायम नोकरीतल्या कारकुनालाही सहजी जमत नाही, ते रोजंदारीवरच्या माणसाकडे मागणे न्याय्य नव्हे.

कायदे नाहीत असे नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा रोजंदारीवरील आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी. अन्यथा जिल्ह्याची स्थानिक समिती आहेच. चित्रपटनिर्मितीच्या ठिकाणीही अशी समिती आवश्यक आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केले. मुलांच्या बाबतीत कायदा याहूनही पुढे जातो. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार, मुलावर अत्याचार घडण्याची भीती वाटत असली तरी ती पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यास संरक्षण आहे. म्हणजे संशय कळविण्यासाठी पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही, हे तत्त्व आपल्या संसदेने केव्हाच मान्य केले आहे. मालिकांतून बालकलाकार राबत असताना हे कलम किती सेटवर ठाऊक असेल?

उणीव आहे ती कायदा आणि सेट यांच्यामधल्या वाटेची. ती बांधण्यास फार खर्च येत नाही. प्रत्येक चित्रीकरणस्थळी अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक मराठीत आणि हिंदीत ठळकपणे लावावेत. एक्स्ट्राच्या हाती पडणाऱ्या रोजच्या चिठ्ठीवर निर्मात्याचे आणि वाहिनीचे नाव असावे, म्हणजे दाद कोणाकडे मागावयाची हे त्याला कळेल. समितीत बाहेरचा सदस्य केवळ नावापुरता नसावा. तक्रार आली की तिची लेखी पोच मिळावी, आणि चौकशी पुरी होईपर्यंत तक्रारदाराचे व आरोपिताचे अशी दोन्ही नावे राखली जावीत. मालिका विकत घेणाऱ्या वाहिन्यांनी या अटी करारातच घालाव्यात. कथेतील वळणे आणि नायिकेची साडी यांवर बारकाईने हुकूम सोडणाऱ्या वाहिन्यांना एवढे अशक्य नाही.

प्रेक्षकांचाही यात वाटा आहे. सॅव्हिलला अभय मिळाले ते त्याच्या लोकप्रियतेचे, आणि ती लोकप्रियता कोट्यवधी सभ्य कुटुंबांनी त्याला बहाल केली होती. आवडत्या कलावंताविरुद्ध शब्द निघताच तो उच्चारणाऱ्यावर तुटून पडणे, किंवा नुसत्या शब्दावरून कलावंताला सुळी देणे, या दोन्ही सवयी सोडावयास हव्यात. १९६९ साली स्टुडिओबाहेर काढलेल्या त्या मुलीचे बोलणे कोणी लिहून घेतले असते, आणि ते वर गेले असते, तर पुढच्या ३७ वर्षांत कितीजणी वाचल्या असत्या याचा हिशेब करता येणार नाही. तिला हवी होती ती एक वही आणि ती वाचणारा एक प्रामाणिक अधिकारी.