पीएच.डी.ला निघालेली लेक आणि आपली अहिंसा



गेल्या महिन्यात आमच्याकडे एक पत्र आले. खरे तर ईमेलच, पण धाकट्या दिरांनी त्याची प्रिंट काढून देव्हाऱ्यापुढे ठेवली, म्हणून पत्र म्हणायचे. आमच्या पुतणीची अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बायोकेमिस्ट्री आणि बायोफिजिक्सच्या पीएच.डी.साठी निवड झाली. पेढे यायच्या आधी प्रश्न आले. पहिला, "पाच-सहा वर्षे? मग लग्न कधी?" दुसरा जरा आवाज खाली आणून, "त्या प्रयोगशाळेत जीव मारतात ना गं? आपल्यात चालते का ते?"

हा दुसरा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. शाळा संपली तेव्हा मला सायन्सला जायचे होते. गुणही होते. आजोबा म्हणाले, "तिथे बेडूक कापायला लावतात." विषय संपला. मी कॉमर्सला गेले, पदवी घेतली, आणि जमा-खर्चाच्या त्या ज्ञानावर संसार नीट चालवला. तक्रार नाही. पण दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ सायन्सला गेला. बेडूक त्यानेही कापला. आईने घरी आल्यावर त्याला अंघोळ करायला लावली, एवढेच. तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलते आहे.

आधी हे शिक्षण आहे तरी काय, ते मी पुतणीला समोर बसवून समजून घेतले. आपण डाळीत प्रोटीन असते म्हणतो ना, ते प्रोटीन म्हणजे एक लांब माळ. ती स्वतःभोवती घड्या घालून ठरावीक आकार घेते, आणि आकार बिघडला की तिचे कामही बिघडते. ती माळ शरीरात काय काम करते हे बायोकेमिस्ट्री शोधते. तिचा आकार कसा, ती हलते कशी, हे बायोफिजिक्स क्ष-किरण, मोठाली चुंबके आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरून मोजते.

मग मी माझा कॉमर्सचा प्रश्न विचारला, पैसा कुणाचा? तिने पत्र दाखवले. फी माफ, वर दरमहा स्टायपेंड. त्या बदल्यात तिने प्रयोगशाळेत काम करायचे, लहान वर्गांना शिकवायचे. अमेरिकेत या विषयांच्या पीएच.डी.ची रीत साधारण अशीच असते. स्टायपेंडमधून भाडे आणि जेवणखाण कसेबसे भागेल, शिल्लक फारशी पडणार नाही. पण डोक्यावर कर्ज नाही. कर्ज काढून परदेशी शिकायला गेलेली मुले आपल्या प्रत्येकीच्या नात्यात आहेत, त्यांचा हप्ता आठवा म्हणजे फरक कळेल.

पहिल्या वर्षी वर्ग असतात आणि 'रोटेशन' असते. म्हणजे काही आठवडे एका प्रयोगशाळेत, काही आठवडे दुसरीत, मग तिसरीत, असे काम करून बघायचे आणि त्यानंतर कायमचे मार्गदर्शक निवडायचे. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मोठी परीक्षा. ती पार पडली की पुढची वर्षे स्वतःचे संशोधन. शेवटी प्राध्यापकांच्या समितीसमोर उभे राहून आपल्या कामाचे समर्थन करायचे.

आता आपला हिंसेचा प्रश्न. मी तिला थेट विचारले. ती म्हणाली, "काकू, उंदीर मारणाऱ्या प्रयोगशाळेत मी रोटेशनलाच जाणार नाही, हे मी आधीच ठरवले आहे. जिथे संगणकावर काम चालते किंवा जिवाणूंकडून प्रोटीन तयार करून घेतात, अशाच प्रयोगशाळा बघणार. पण ते जिवाणूही शेवटी फोडावे लागतात. ती हिंसा नाही, असे मी म्हणणार नाही."

मला तिचे हे उत्तर आवडले, कारण त्यात लबाडी नव्हती. आपल्या शास्त्रानेही गृहस्थाला संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची समज दिली आहे. जाणूनबुजून त्रस जीव मारायचा नाही. चूल पेटवताना, उद्योग करताना सूक्ष्म जीवांची जी हिंसा होते ती यत्नाने कमी करायची आणि तिची आलोचना करायची. पाणी गाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो ते त्याचसाठी. स्वयंपाकघरात आपल्याला जो विवेक लागतो, तोच तिला प्रयोगशाळेत लागेल. आणि निवड करायला रोटेशनमुळे तिला जागा आहे.

या विषयातले सगळे काम जीव मारूनच होते, असेही नाही. जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली मद्रासमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक आलेख मांडला. प्रोटीनची माळ कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या कोनात अणू एकमेकांवर आदळतील, याचा तो हिशोब होता. निव्वळ आकडेमोड! आजही प्रोटीनचा नवा आकार सापडला की तो 'रामचंद्रन प्लॉट'वर तपासून घेतात. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मॉलेक्युलर बायोफिजिक्सचा विभाग १९७१ मध्ये त्यांनीच उभा केला.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता. रोज इन्सुलिनचे इंजेक्शन लागे. ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात, हे एकदा डॉक्टरांकडून कळले. मामंजींनी दोन दिवस इंजेक्शन घेतले नाही. तिसऱ्या दिवशी तब्येत इतकी बिघडली की पुन्हा सुरू करावे लागले. मग महाराजांकडे जाऊन त्यांनी प्रायश्चित्त घेतले, पण सुई टोचताना ते रोज डोळे मिटून णमोकार म्हणत, ते मी पाहिले आहे. जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली, आणि हळूहळू तेच सगळीकडे आले. आज आपल्या घरांतले कितीतरी जण ते घेतात आणि त्यासाठी कुठे गाय कापलेली नसते. हे बायोकेमिस्ट्री शिकलेल्यांनीच केले. मामंजी असते तर पुतणीला त्यांनी स्वतः विमानतळावर सोडले असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे. भाचा औषधाच्या कंपनीत लागला तेव्हा तिथे उंदरांवर काय प्रयोग होतात, हे कुणी विचारले? आपण पेढे खाल्ले. मुलगी निघाली की मात्र आपल्याला अहिंसा आठवते. लग्नाची काळजी असेल तर ती लग्नाची म्हणून बोलावी, ती खोटी नाही. तिच्यावर धर्माचे पांघरूण घालू नये. हा धर्माचाही अपमान आहे.

या विषयात बाईला दार बंद असण्याची गोष्ट जुनी आहे. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ मध्ये मुंबईची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या त्याच संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून घेतले, वर्षभर काम पाहू म्हणून. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. आणि काम कशावर? बटाट्यावर! वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी त्यांना त्यात सापडले. आपण ताटात न घेणाऱ्या कंदातून त्यांनी केवढे ज्ञान काढले, हे वाचून मला हसूही आले आणि भरूनही आले.

भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकवली ब्राह्मीला आणि अंक शिकवले सुंदरीला, हे आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. दोघी मुलीच होत्या.

तेव्हा घरात असे पत्र आले तर लेकीला एवढे विचारा. पैसे किती वर्षे मिळणार, हे लिहून दिले आहे का? तिच्या व्रतात बसतील अशा प्रयोगशाळा तिथे किती आहेत? ज्यांच्या हाताखाली जायचे, त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात? आणि प्रयोग सहा-सहा महिने फसतील तेव्हा फोनवर "कधी संपणार?" असे न विचारता "जेवलीस का?" विचारा.

पुतणी ऑगस्टमध्ये निघते. मी तिच्या बॅगेत मेतकूट, मुगाचे सांडगे आणि पाणी गाळायचे एक छन्ने ठेवले आहे. छन्ने बघून ती हसली, पण बाहेर काढून ठेवले नाही.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर क्षमा असावी. जय जिनेंद्र.